दादा, तेल नंबर बघूनच घेतलं

दादा,

तेल घेतलं. दुकानदारानं "कोणतं देऊ?" म्हणून विचारलं आणि मी सवयीनं मागं वळून पाहिलं. मागं तू नव्हतास. हेडलाइटचा बल्ब हातात धरून एक गृहस्थ उभा होता. त्याला वाटलं, बाई आपल्याला पुढं जायला सांगतायत, म्हणून तो बिनधास्त माझ्या पुढं घुसला. तू असतास तर खांद्याला धरून त्याला जागेवर परत नेलं असतंस. मी त्याला जाऊ दिलं. डोळे भरून आले होते आणि ऑइलच्या दुकानात रडणारी शाळेतली बाई परभणीनं अजून पाहिलेली नाही.

तू गेल्यापासून घरी माणसं येतात, तुझ्याबद्दल बोलतात. बोरीतला कष्टाळू शेतकरी, समाजाच्या कामात पहिला, भांडणात मध्ये पडून मिटवणारा. सगळं खरंच असेल. पण त्यातला एकही माणूस मला ओळखीचा वाटत नाही. माझा दादा म्हणजे फोन उचलल्यावर "कशी हायेस?" विचारायच्या आधी "तेल बघितलंस का?" असं विचारणारा माणूस. जेवलीस का हे त्याच्यानंतर. कधी कधी ते राहूनच जायचं.

आणि गंमत बघ. तू गेलास त्याच आठवड्यात गाडीनं कुरकुर सुरू केली. सकाळी गिअरची दांडी डी वर टाकली की पूर्वीसारखी लगेच पुढं सरकायची नाही. जरा थांबायची, मग एक धक्का देऊन निघायची. तू म्हणालाच होतास असं होणार म्हणून. तुझं म्हणणं खरं ठरलं आणि ते ऐकायला तू नाहीस, याचा मला भयंकर राग आला. जिंकल्यावर निदान समोर बसून मिश्या तरी पिळायच्या होत्यास.

तुझ्या राहुलचा पुण्याहून फोन आला. पोरगं तुझ्यासारखंच, मनात काही ठेवत नाही. म्हणाला, "आत्या, आता बाबा न्हाईत. ती गाडी विकून टाका. ऑटोमॅटिकचं काम परभणीत कुणी करत न्हाई, उगं मधीच बंद पडली तर तुमी काय करणार?" मी म्हटलं, बघते. त्यानं काळजीनंच सांगितलं होतं. पण गाडी गेली म्हणजे माझं काय जातं, हे त्याला कुठून कळणार? ते फक्त तुला माहीत होतं, आणि तू ते कधी तोंडानं बोलला नाहीस.

माझ्या डाव्या पायातली ताकद लहानपणीच पोलिओनं नेली. पेडगावच्या शाळेत नोकरी लागल्यावर सगळ्यांना वाटलं, आता हिचं भागलं. एसटीची पायरी किती उंच असते हे ती चढणाऱ्यालाच कळतं. कंडक्टर चांगले होते, हात द्यायचे. मला त्या हाताचाच कंटाळा आला होता. रोज कुणाचा तरी हात, रोज कुणाला तरी धन्यवाद. घरात एकटी राहणारी बाई मी, पण रस्त्यावर पाऊल टाकलं की दहा जणांची आश्रित.

मग एक दिवस तू नांदेडहून ती पांढरी गाडी घेऊन दारात उभा राहिलास. जुनीच, पण धुऊनपुसून चकचकीत केलेली. मी म्हटलं, हे काय? तू म्हणालास, "मला क्लच दाबून दाबून वीट आलाय शोभे. ही बिगर क्लचची हाय. निस्ता उजवा पाय लागतो, डावा रिकामा. लय भारी गाडी हाय. पण मला रानातून सवड कुठं? तू चालीव, मी अधनंमधनं बघत जाईन." एवढं बोलून चावी माझ्या हातावर ठेवलीस आणि चहा मागून स्वयंपाकघराकडं बघत बसलास. माझ्या पायाचं नावसुद्धा काढलं नाहीस. लहानपणापासून कधीच काढलं नव्हतंस. सायकलवर डबलसीट शाळेत न्यायचास तेव्हाही म्हणायचास, "मला तिकडंच जायचंय." चांगलं उलट्या दिशेला जायचं असायचं तुला.

सोयाबीन निघालेल्या रानात तू मला शिकवलंस. पी म्हणजे गाडी बांधून ठेवलेली, आर म्हणजे मागं, एन म्हणजे मोकाट, डी म्हणजे चल. बैलापेक्षा सोपं, असं म्हणालास. आणि तुझी ती थाप. ट्रॅक्टरची ट्रॉली भरली, मागं सगळं ठीक आहे, आता काढा, हे सांगायला तुम्ही लोक ट्रॉलीच्या फाळक्यावर थाप मारता ना, तशी तू गाडीच्या टपावर मारायचास. थाप पडल्याशिवाय गिअर टाकायचा नाही, असा दंडकच होता. बोरीहून निघताना मी ब्रेकवर पाय ठेवून थांबायची, तू गाडीभोवती एक चक्कर मारायचास, टायरला लाथ घालायचास, मग थाप. मी निघायची.

आता तुझ्या त्या पराक्रमाबद्दलही लिहायला हवं. तू गेलास म्हणून ते मी गुंडाळून ठेवणार नाही.

गाडी आल्यानंतर थोड्याच दिवसांनी तुला गिअरबॉक्सचं तेल कमी दिसलं. गाडीचं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं, पण पुस्तक उघडायला तुला कमीपणा वाटला. शेडमध्ये ट्रॅक्टरच्या तेलाचा ड्रम होताच. "आपल्या ट्रॅक्टरमध्ये हेच एक तेल गिअरला, हेच हायड्रोलिकला, हेच ब्रेकला. काळ्या मातीत नांगर ओढतंय हे तेल. तुझ्या ह्या डबीला काय जड हाय?" असं म्हणत तू ते ओतलंस. मापानं नाही, आपुलकीनं. दुसऱ्या दिवशी मी डी टाकला तर गाडी विचारात पडली. मग अशी उसळली की माझा डबा, पर्स आणि सहावीच्या उत्तरपत्रिका सगळं खाली. वाटेत झरीच्या अलीकडं तर तिनं वेग बदलायचंच नाकारलं. बैलगाडीवाला मला मागं टाकून गेला आणि जाताना मान हलवून गेला.

मी पुस्तक काढून वाचलं आणि तुला फोनवर मोठ्यांदा वाचून दाखवलं. ऑटोमॅटिकच्या तेलाला स्वतःचा नंबर असतो. तेच तेल आतल्या पट्ट्यांना पकडूही देतं आणि सुटूही देतं. जरा जाड झालं, जरा निसरडं झालं, की सगळा ताळमेळ बिघडतो. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "म्हंजी मी हिला भलतंच पाजलं." त्यानंतर पोटात गेलेलं सगळं काढायला तुला काय काय करावं लागलं! खालचा नट उघडून तेल सोडलं तरी सगळं निघत नाही, निम्मंअर्धं आतच राहतं. म्हणून सोड, खरं तेल भर, गावातून चक्कर मार, परत सोड, परत भर. बोरीच्या गल्लीत लोकांना वाटलं, तू निवडणुकीला उभा राहतोयस.

दुसरा कुणी असता तर ही गोष्ट झाकून ठेवली असती. तू मात्र लग्नाच्या पंगतीत सांगत सुटलास. "मी शिकलेल्या बहिणीच्या कारला ट्रॅक्टरचं तेल पाजलं" म्हणून सुरुवात करायचास आणि उसळलेल्या गाडीची नक्कल करून दाखवायचास. ती ऐकून तीन गावच्या लोकांनी आपापल्या गाड्या वाचवल्या असतील. मला तुझ्याबद्दल जे जे आवडायचं त्यात हे फार वर आहे. चुकलास तर हसत सांगायचास.

तेव्हापासून तू तेलाच्या बाबतीत सोवळा झालास. दर महिन्याला गाडी सपाट जागेवर लावायला लावायचास. इंजिन गरम, चालू, दांडी पी मध्ये. मग तेल मोजायची पट्टी बाहेर, पुसायची, परत घालायची, परत बाहेर. थेंब बोटावर घेऊन आधी उन्हात बघायचास, मग नाकाला लावायचास. आणि पट्टी माझ्या नाकापुढं. "हुंग." मी म्हणायची, दादा, मला कशाला? तू आहेस की. तू म्हणायचास, "मी हाय म्हणूनच सांगायलो. हुंग." तेल लाल आहे म्हणून भुलू नकोस, स्टेअरिंगचंही लाल असतं. डब्यावर पुढं लिहिलेलं दुकानदारासाठी असतं, मागं बारीक लिहिलेलं आपल्यासाठी. ऑटोमॅटिक म्हटलं की सगळ्या एका जातीच्या नसतात, काहींच्या पोटात गिअरऐवजी पट्टा असतो, त्यांचं तेल वेगळं, ते आपल्याला विष. हे सगळं तू मला पाढ्यासारखं म्हणायला लावलंस. मुलांकडून पाढे घेणारी बाई मी, आणि माझे पाढे घेणारा तू.

मग आपला तो न मिटलेला वाद. गेल्या वर्षीपासून तू म्हणत होतास, तेल बदलू. मी म्हणत होते, हात लावायचा नाही. माझ्या बाजूला पुस्तक होतं. साध्या वापरात हे तेल बदलायची गरज नाही, असं त्यात छापलेलं होतं. माझ्या बाजूला रऊफभाईही होता, परभणीतला आपला मिस्त्री. तो म्हणाला होता, "बाई, जुना गिअरबॉक्स हाय. छेडू नका. आज चालतोय ना? नवं तेल गेलं की आतला जुना मैल सुटतोय, पट्ट्यांची पकड जातीय. मग इथं कोन्ही दुरुस्त करत न्हाई. गाडी भंगारात." आणि तू काय म्हणालास? "पुस्तक लिहिणाऱ्यानं साधा वापर म्हणलंय. आपला वापर कोणत्या अंगानं साधा हाय? पेडगावचा रस्ता बघितलाय त्यानं? वैशाखात दुपारी शाळंतून निघून बघितलंय? जगात जर्मनी, भारतात परभणी. इथलं तेल इथल्या हिशेबानं बदलायचं."

आपण त्यावर वहिनीसमोर भांडलो, जेवताना भांडलो, फोनवर भांडलो. सोयाबीन घरात आलं की मी बदलतो, तू नको म्हणालीस तरी बदलतो, असं म्हणून तू शेवटचा फोन ठेवलास. सोयाबीन घरात आलं. नंतर एका सकाळी "छातीत दुखायलंय" म्हणालास, आणि जीप परभणीला पोचायच्या आत तू गेलास. भांडण माझ्याकडंच राहिलं.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीला बोरीला यायचं होतं. शाळेतल्या सहकाऱ्यांनी त्यांच्या गाडीत ये म्हणून सांगितलं. मी नाही म्हटलं. तुझ्या दारात मला कुणाच्या हाताला धरून उतरायचं नव्हतं. पण गाडी तर रोज सकाळी अडत होती. मग मी ती सपाट जागेवर लावली. गरम केली. दांडी पी मध्ये, पट्टी बाहेर, पुसली, घातली, बाहेर. थेंब बोटावर घेतला. चहाच्या गाळासारखा तपकिरी होता. नाकाला लावला आणि तव्यावर करपल्यासारखा वास आला, अगदी थोडा. तुझा "हुंग" कानात ऐकू आला. मी आपल्या वादात हरले, तिथंच, माझ्या घराच्या फाटकाजवळ, एकटी.

रऊफभाईकडं गेले. तू गेल्याचं ऐकून तो खाली बसला, बराच वेळ हातातला पाना पुसत राहिला. मी तेल बदलायचं म्हटल्यावर म्हणाला, "बाई, बिघडलं तर मला नाव नका ठेवू." मी म्हटलं, मशीन लावून सगळं धुऊन काढायचं नाही. फक्त नट उघडून जेवढं पडेल तेवढं पडू द्यायचं, मोजायचं, तेवढंच नवं भरायचं. पुढच्या महिन्यात परत. दादा म्हणायचा, उपाशी माणसाला घोट घोट पाजायचं. रऊफभाई हसला. "हां, दादांचीच बहीन. चला, तेल आना. पन तेल तुमी आना. मी नाही निवडनार."

म्हणून त्या दुकानात मी. दुकानदारानं पहिला डबा ठेवला, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, सर्व ऑटोमॅटिकसाठी. मी तो बाजूला सारला. जो सगळ्यांना चालतो तो कुणाचाच नसतो, हे तू माणसांबद्दलही म्हणायचास. दुसरा डबा पट्ट्याच्या गाडीचा निघाला. तोही परत. मी पुस्तकातला नंबर सांगितला. दुकानदार म्हणाला, "तो नंबर आता येतच न्हाई बाई. बंद झाला."

दादा, हे तू मला शिकवलं नव्हतंस. नंबर तोच बघायचा हे शिकवलंस. नंबरच बंद झाला तर काय करायचं, हे आपल्या पाढ्यात नव्हतं. मी काउंटरला धरून उभी राहिले. वाटलं, राहुल म्हणतो तेच बरोबर असेल. नको ही जोखीम. विकावी. परत एसटीची पायरी, परत कुणाचा तरी हात. तेवढ्यात दुकानदारानं तिसरा डबा काढला, गाडीच्याच कंपनीचा, नंबर वेगळा. "ह्याच्या जागी आता हे चालतंय म्हणतेत," म्हणाला. म्हणतेत म्हणजे कोण? मी डबा उलटा केला. चष्मा वर करून मागचं बारीक वाचायला लागले. माझ्या मागं दोघंतिघं उभे होते, त्यांना म्हटलं, वाचू द्या. शेवटून दुसऱ्या ओळीत आपला जुना नंबर होता. कंपनीनं स्वतः लिहिलं होतं, जिथं तो होता तिथं हे घाला. मी ती ओळ परत परत वाचली. मग डबा छातीशी धरून म्हटलं, हे द्या. तुला न विचारता गाडीबाबत घेतलेला माझा तो पहिला निर्णय.

रऊफभाईनं नट उघडला. जुनं तेल डब्यात पडू दिलं. तेवढंच मोजून नवं भरलं. मी बसले, गाडी गरम केली, ब्रेकवर पाय, डी. गाडी थांबली नाही. धक्का दिला नाही. लोण्यातून सुरी जावी तशी पुढं सरकली. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले, आर टाकून पाहिला, तोही लगेच लागला. रऊफभाई म्हणाला, "दादा जीत गये." मी तिथं मात्र रडले. ऑइलच्या दुकानात नाही रडले, गॅरेजमध्ये रडले.

बोरीला मी एकटी चालवत आले. पांढरी साडी, शेजारच्या सीटवर फुलं. वंदना झाली, भन्तेजींनी समजावलं की जगात काही कायम नाही, सगळं बदलत राहतं. तू शेजारी असतास तर मला कोपर मारून कुजबुजला असतास, "बघ, तेलाबद्दल सांगायलेत." मला इतकं हसू आलं की तोंडाला पदर लावावा लागला. बायकांना वाटलं, हुंदका आहे. होता तोही.

गाडीतून निघालेलं जळकं ऑइल मी डब्यात भरून आणलं होतं. गोठ्याच्या दाराच्या चौकटीची एक बाजू तू मागं एकदा असंच ऑइल लावून काळी केली होतीस, वाळवी लागू नये म्हणून. दुसरी तशीच ठेवली होतीस. "तुझ्या गाडीचं निघालं की लावीन," म्हणाला होतास. वाद जिंकायची एवढी खात्री! दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि वहिनी तिथं बसलो. ब्रश एकच होता, तो मी घेतला, वहिनीनं चिंधी घेऊन हातानंच लावायला सुरुवात केली. लावता लावता म्हणाली, "ताई, खरं सांगू? त्यांना ती गाडी कधी आवडली न्हाई."

मी ब्रश थांबवला. म्हटलं, लय भारी गाडी म्हणायचा की.

"तुमच्या म्होरं म्हणायचे. नांदेडहून चालवत आणली त्या दिवशी घरी येऊन म्हणले, माझा डावा पाय वाटभर क्लच हुडकत होता, येड लागायची पाळी आली. मी म्हणलं, मग आणली कशाला? तर म्हणले, गप, शोभीला सांगू नको. तिला वाटलं पाहिजे मला हौस हाय."

सगळी चौकट काळी होईपर्यंत आम्ही लावत राहिलो. दादा, मला तुझे आभार मानायचे होते. इतकी वर्षं मानले नाहीत, कारण मानले असते तर पायाचं नाव निघालं असतं, आणि ते निघू नये म्हणून तर तू सगळा खटाटोप केलास. रस्त्यावरच्या दहा जणांना मी रोज धन्यवाद म्हणायची, तुझ्याकडं आल्यावर ते म्हणायची गरज लागायची नाही. हेच तू मला दिलंस. आता म्हणते. तू ऐकून घे आणि चहा माग.

निघायला गाडीत बसले. ब्रेकवर पाय ठेवला, दांडीवर हात ठेवला आणि थांबले. कशासाठी थांबलेय हे मलाच जरा वेळानं कळलं. वहिनीला आधीच कळलं होतं. ती गोठ्याकडून तशीच आली, गाडीभोवती चक्कर मारली, तुझ्यासारखीच टायरला लाथ घातली, लुगडं सावरत. मग टपावर थाप मारली.

"निघा आता. तेल बघत जा," म्हणाली.

पांढऱ्या टपावर तिच्या तेलकट हाताचा अख्खा पंजा उमटलाय. पेडगावची पोरं रोज विचारतात, बाई, पुसू का? मी त्यांना नको म्हणते.